बत्तीस नंबरची घंटी

माझ्या क्लासमधली पोरं एका गोष्टीवरून मला फार हसतात. राऊटरमध्ये किंवा स्विचमध्ये काहीही बदल करताना मी त्यांना तो मोठ्यानं बोलायला लावते. कितवा पोर्ट, काय दिलं, आणि सेव्ह केलं का? ‘मॅडम, हे काय पाढे आहेत का?’ असं विचारतात. मी म्हणते, हो, पाढेच आहेत, म्हण. या यंत्रांत चालू असलेलं एक असतं आणि जपून ठेवलेलं वेगळं असतं. सेव्ह न करता वीज गेली, की दिवसभराची मेहनत पाण्यात. एवढंच त्यांना सांगते आणि पुढच्या धड्याकडे वळते.

हे मी कुठं शिकले ते त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगायचं तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी चूकही सांगावी लागेल. आता साठी उलटली, आता कशाची लाज! लिहूनच टाकते.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि टेलिफोनची छोटी एक्सचेंजं विकणाऱ्या एका दुकानात कामाला लागले. आमचं घर दीक्षा घेतलेलं. वडील कापड गिरणीत होते आणि पोरगी शिकली पाहिजे यावर त्यांचं आईशी कधी दुमत झालं नाही. पण शिकणं वेगळं आणि हातात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन लोकांच्या ऑफिसात जाणं वेगळं. मी पोचले की लोक माझ्या मागं बघायचे, मिस्त्री कुठं आहे म्हणून. मी नाकावर माशी बसू न देणारी. ‘मीच मिस्त्री आहे, बोला,’ असं ठणकावून सांगायची. मालकांनी मला सहा महिने बघतो म्हणून घेतलं होतं, आणि ते बघताहेत हे मला रोज आठवायचं.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याचं. तिथं तोवर जुना दोऱ्यांचा बोर्ड होता. कुठूनही फोन आला की बोर्डावरची एक छोटी पितळी झडप खट्कन खाली पडायची. ऑपरेटरनं एक दोरी तिथं खुपसायची, विचारायचं, आणि दुसरं टोक हव्या त्या भोकात घालून द्यायचं. ही सगळी दोऱ्यांची विणकाम-भानगड सांभाळत होते एक काका. पन्नाशीचे असतील. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. अंधशाळेत शिकले आणि हा बोर्ड बसला तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ते त्याच्यासमोर बसलेले होते.

त्यांना दिसत नाही हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलंच नाही. झडप पडली की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं कितवी पडली. हात सरळ तिथंच जायचा. ते हॅलो म्हणत नसत. ‘बोला जी, पेशंट कसा आहे?’ असं म्हणायचे. सावनेरकडून, खापरखेड्याच्या कॉलनीतून, कुठून कुठून लोक पोस्टातून ट्रंक कॉल लावायचे, तीन मिनिटं मिळायची आणि त्यातलं एक घाबरण्यातच जायचं. काकांच्या या एका वाक्यानं ते थेट मुद्द्यावर यायचे. ‘माय भरती आहे जी, तिचं इचाराचं होतं.’ काका वॉर्ड विचारायचे आणि पुढच्या क्षणाला सिस्टर लाइनवर असायची.

आता त्या बोर्डाच्या जागी येणार होता माझा डबा, म्हणजे आमचं छोटं एक्सचेंज. पांढऱ्या रंगाचा, भिंतीवर टांगायचा, आत प्रोसेसर. त्याचा मूळ प्रोग्राम चिपमध्ये कारखान्यातूनच कायमचा बसवून आलेला. आज पोरं जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तीच ती, अगदी बाळरूपात. आणि त्या त्या ठिकाणचा तपशील, म्हणजे कोणता फोन कुठं, कोणाला बाहेर फोन लावता येईल, कोणाचा फोन कसा वाजेल, हे आपण आकडे दाबून आत घालायचं. चार लाइनी बाहेरच्या, चाळीस फोन आतले. ऑपरेटरसमोर एक बटणांचा फोन आणि ओळीनं लाल-हिरवे दिवे. दिवा बघायचा आणि बटण दाबायचं, बस.

दिवा बघायचा! हे मी बोलून गेले तेव्हा काका शेजारीच उभे होते. दवाखान्याचे मॅनेजर घसा साफ करून म्हणाले, ‘मॅडम, त्यांची व्यवस्था आम्ही करू. गेटपाशी नंबराच्या चिठ्ठ्या वाटायचं काम आहे.’

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. वीस वर्षं दवाखान्याचा कान असलेल्या माणसाला गेटवर स्टूल. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ‘कशाला? हा प्रोग्रामवर चालणारा डबा आहे. दिवे राहू द्या बाजूला, मी घंट्या वेगळ्या करून देते.’

खरं तर मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं. बोलून बसले आणि मग घरी जाऊन जाडं मॅन्युअल उघडलं. नशीब माझं, त्यात सोय होती. ऑपरेटरकडे येणाऱ्या प्रत्येक फोनला घंटीचा प्रकार देता येत होता. मी ठरवलं, बाहेरचा फोन आला तर एक लांब घंटी. वॉर्डातला, खोल्यांतला असेल तर दोन. आणि ऑपरेशन थिएटर, अपघात विभाग असल्या घाईच्या जागांना तीन, झटपट. थिएटरातून फोन येतो तो रक्त पाहिजे म्हणून, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांना घरून बोलवा म्हणून. तिथं क्षणाचाही उशीर नको.

मॅनेजर कुरकुरत तयार झाले. म्हणाले, ‘दोन महिने बघतो. जमलं तर जमलं.’

प्रोग्राम घालायची दुपार मला लख्ख आठवते. एप्रिल होता, कूलरचा पाण्याचा वास येत होता. माझ्या मांडीवर कागद, त्यावर सगळ्या नोंदी. दोनशेच्या आसपास असतील. मी एकेक मोठ्यानं वाचत होते आणि बटणं दाबत होते. मला आधीपासूनच सवय, बोलल्याशिवाय हात चालत नाही. काका स्टूल ओढून शेजारी बसले.

‘बसू का वं पोरी? तुह्या कामात अडचण तर नाही?’

‘बसा ना काका. तुमचंच तर घर बदलून राहिलं.’

ते हसले आणि मग तीन तास हललेही नाहीत. मी वाचतेय, दाबतेय. मध्ये एकदा ‘थांबा, चुकलं, पुन्हा’ म्हणत एक नोंद खोडून नव्यानं घातली. चहा आला तो निवून गेला. संपलं तेव्हा काका म्हणाले, ‘बाप्पा! एवढं सारं लक्षात ठेवते हा डबा?’ मी म्हटलं, ‘हो, आणि वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर आठ-दहा तास विसरत नाही.’ त्याच्यापुढं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

प्रोग्राम बदलायचा एक खटका डब्यात होता, त्याला कुलूप. किल्ली मॅनेजरांच्या टेबलात. कोणी उगाच हात लावू नये म्हणून.

पहिले आठ दिवस झकास गेले. काका घंट्या ओळखायला शिकले म्हणणंही चूक, त्यांना त्या आपोआपच कळल्या. मी दुकानात छाती काढून फिरत होते. आणि मग निरोप आला की दवाखान्यात तक्रार आहे.

गेले. झालं असं होतं, की थिएटरातून फोन आला आणि काकांनी आधी दुसरे दोन फोन घेतले. थिएटर ताटकळलं. सर्जन बाहेर येऊन जे काय बोलले ते मॅनेजरांनी मला शब्दश: ऐकवलं. पेशंट सुखरूप होता, पण ते नशीब.

काका खालच्या आवाजात म्हणाले, ‘पोरी, थेटरची घंटी घाईची वाजत नाही वाटते. दोनच वाजली, वॉर्डासारखी.’

आता खरं तर मी काय करायला हवं होतं? थिएटरात जाऊन तिथला फोन उचलायचा आणि ऐकायचं. पण आत ऑपरेशन सुरू होतं, मला दारातूनच परत लावलं. मॅनेजर घड्याळ बघत होते. मी अपघात विभागातून फोन लावायला सांगितला आणि टेबलापाशी उभी राहून ऐकलं. तीन घंट्या, झटपट, टकाटक. कागद काढला. थिएटर, नंबर बत्तीस, प्रकार तीन. कागदावर बरोबर. डब्यात काय आहे ते वाचून दाखवायची सोय त्या काळी त्या यंत्रात नव्हती, फक्त आत घालता यायचं.

आणि मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, आम्ही आधीच म्हटलं होतं, अनुभवी माणूस पाठवा.’ त्यांना मिस्त्री म्हणायचं होतं. पुरुष म्हणायचं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

‘मशीन चुकत नाही,’ मी म्हटलं. ‘कान चुकतात.’

काका शेजारीच होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भेटीच्या रजिस्टरात लिहिलं: यंत्र तपासले, ठीक आहे. ऑपरेटरच्या ऐकण्यात तफावत. खाली माझी सही, ठसठशीत. आणि तणतणत निघून आले. जाताना काकांना ‘येते’ही म्हटलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी तिकडे फिरकले नाही. कानावर येत होतं ते वेगळंच. थिएटरची तक्रार बंद झाली होती, पण आता बाहेरच्यांची सुरू झाली. म्हणे दवाखान्याचा फोन वाजत राहतो, कोणी लवकर उचलत नाही. गावाकडची माणसं पोस्टात रिसीव्हर कानाला लावून नुसती घंटी ऐकत राहायची. शेवटी मॅनेजरांनी ठरवलं, महिना संपला की काका गेटवर. डोळस ऑपरेटर शोधायला सुरुवातही झाली. आमच्या मालकांनी मला हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण मनात कुठंतरी हेही आलं, की आपण तर आपल्या परीनं केलं होतं. कान गेले त्यांचे, आपण काय करणार? त्या विचाराची मला आजही शिसारी येते.

आणि मग धंतोलीतला ट्रान्सफॉर्मर जळाला.

मे महिना, सगळे कूलर सुरू, ट्रान्सफॉर्मर जळायला वेगळं कारण लागत नाही. एके दिवशी सकाळी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दवाखान्याचं जनरेटर थिएटरपुरतं आणि थोड्या दिव्यांपुरतं. डब्याची बॅटरी कधीच संपली होती. वीज आली तेव्हा डबा कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत उठला. मूळ प्रोग्राम शाबूत, बाकी सगळं कोरं. बाहेरून फोन आला तर वाजणार नाही, वॉर्डातून थिएटरला लागणार नाही. अख्खा दवाखाना बहिरा आणि मुका.

मी कुठं होते? सावनेरच्या पुढं, एका कोळसा खाणीच्या ऑफिसात दुसरा डबा बसवत. मॅनेजरांनी शेजारच्या क्लिनिकमधून आमच्या दुकानात फोन केला. तिथून खाणीत निरोप पोचायला दुपार झाली. नोंदींचा कागद माझ्याच पिशवीत. दवाखान्यात एक प्रत ठेवावी हे मला सुचलं नव्हतं आणि मालकांनाही नाही. एसटीत बसले आणि सावनेर ते नागपूर, शपथ सांगते, मला सगळ्या देवळांतले, विहारांतले, दर्ग्यांतले जेवढे आठवले तेवढे आठवून झाले. दिवसभर दवाखान्याचे फोन बंद म्हणजे काय, हे मला आता कळत होतं. माझी नोकरी गेली हे तर धरूनच चालले होते.

पोचले तेव्हा पाच वाजले असतील. पळत आत शिरले, आणि काकांचा आवाज आला. ‘बोला जी, पेशंट कसा आहे?’

मी दारातच थबकले. फोन सुरू होते. डबा सुरू होता. काकांच्या शेजारी दवाखान्याच्या हेड सिस्टर खुर्चीत बसून आपल्या उजव्या हाताची बोटं दाबत होत्या, आणि मला बघून हसल्या.

‘या, या मॅडम. उशीर केला. आमच्या काकांनी भरला तुमचा डबा.’

‘भरला म्हणजे?’

‘म्हणजे त्यांनी सांगितलं, मी दाबलं. मी नुसती बोटं. पाठ सगळं यांचं.’

मला काही कळेना. सिस्टरनी सांगितलं ते असं. सकाळी मॅनेजर डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा काका त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, खटक्याची किल्ली द्या, मले सारं पाठ आहे. मॅनेजरांना वाटलं माणसाला भ्रम झाला. पण दुसरा इलाज होता कुठं? कुलूप उघडलं. काका स्टुलावर बसले, आणि एप्रिलमधल्या त्या दुपारी मी जे जे बोलले होते ते पहिल्यापासून म्हणत गेले. माझ्याच चालीत. माझ्याच दमानं. दोनशे नोंदी.

‘आणि बाई, काय सांगू,’ सिस्टर म्हणाल्या, ‘मध्येच म्हणतात, “थांबा, चुकलं, पुन्हा.” मी म्हटलं, काका, चुकलेलं कशाला दाबायचं? तर म्हणे, तिनं दाबलं होतं, आपणही दाबू आणि खोडू. मधलं गाळलं तर मले पुढचं येत नाही.’

मला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. एवढा बाका प्रसंग आणि हा माणूस माझी खाडाखोडसुद्धा जपून बसलेला.

‘आणि कान तर असे,’ सिस्टर थांबायलाच तयार नव्हत्या. ‘मी एकदा तीनच्या जागी सहा दाबलं, तर लगेच, “सिस्टर, सहा वाजला.” त्या बटणांचा आवाज वेगवेगळा असतो म्हणे. मला तर सगळे टुंटुंच वाटतात. एका ठिकाणी मात्र अडले. थेटरपाशी. बत्तीस म्हणाले आणि गप्पच बसले. मग म्हणाले, “आधी तीन दाबा, मग दोन.”’

माझं हसू गेलं. बत्तीस म्हटल्यावर आधी तीन आणि मग दोन, हे सांगायची गरजच काय? बाकी एकशे नव्व्याण्णव ठिकाणी त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी तडक वर थिएटरपाशी गेले. यावेळी आत कोणी नव्हतं. फोन उचलला. खालून, काकांच्या टेबलावरून, तीन घंट्या ऐकू आल्या, झटपट. मग मी खाली स्वयंपाकघरात गेले, तिथला नंबर तेवीस. तिथून लावला तर व्हरांड्यापलीकडून दोन घंट्या ऐकू आल्या. आचारी म्हणाला, ‘ताई, परवापर्यंत आमच्या फोनची घंटी लई घाईची होती. मी चहा किती पाठवू म्हणून फोन करो, अन् काका धडपडत उचलत. मी तर सुरुवातीचे पंधरा दिवस त्या फोनले हातच लावला नाही, फडकं टाकून ठेवलं होतं. मग लावाले लागलो.’

तोंडानं बत्तीस म्हणताना माझ्या बोटानं दोन आणि तीन दाबलं होतं. तेवीस. स्वयंपाकघराला घाईची घंटी मिळाली आणि थिएटर राहून गेलं, म्हणून त्याला डब्याची ठरलेली साधी, वॉर्डासारखी. मी केलं होतं. मशीन चुकलं नव्हतं, कान चुकले नव्हते, मी चुकले होते. आणि खाली रजिस्टरात माझ्या सहीनं दुसऱ्याचं नाव लागलं होतं.

परत आले. सिस्टर राउंडला गेल्या होत्या.

‘काका, त्या दिवशी मी काय दाबलं होतं?’

‘जाऊ दे ना वं.’

‘काय दाबलं होतं?’

‘दोन, मंग तीन. मले ऐकू आलं होतं. पण मी म्हटलं, तुह्या मशीनची तशीच काही रीत असन. मले काय समजते त्यातलं?’

‘आणि मग?’

‘मंग त्या आचाऱ्याची घंटी घाईची वाजली, तवा समजलं.’

‘म्हणजे तुम्हाला इतके दिवस माहीत होतं!’ माझा आवाज चढला. अशा वेळीही मला रागच येतो, काय करू. ‘काहून नाही सांगितलं? गेटवर बसवून राहिले होते ते तुम्हाला!’

काकांनी एक फोन घेतला, जोडून दिला, आणि मग म्हणाले, ‘तू लिहून गेली रागानं. मॅनेजरसाहेबानं ते साऱ्यायले वाचून दाखवलं. त्याच्यावर मी म्हटलं असतं, पोरीची चूक आहे, तर तुह्या मालकाले फोन गेला असता त्याच घडीले. तुह्यं पहिलं मशीन होतं हे.’

‘मग काय झालं?’

‘मी चुकलो तर लोक म्हणते, आंधळा आहे, चुकनच. मले सवय आहे त्याची. तू चुकली असती तर म्हटलं असतं, पोरगी आहे, चुकनच. अन् तुह्या मागून येणाऱ्या पोरीच्या हाती कोणी पेचकस देला नसता.’ ते हसले. ‘मंग मी काय केलं, दोन घंट्या वाजल्या की आधी त्या घ्याच्या. न जाणो थेटर असन. बाहेरचे थांबत. त्यायले त्रास झाला, हाव. पण थेटर नाही थांबलं.’

म्हणून बाहेरचे फोन उचलले जात नव्हते. म्हणून त्यांना गेटवर पाठवणार होते. माझी चूक ते रोज आपल्या अंगावर घेऊन बसत होते, आठ तास, महिनाभर, आणि मी तिकडं दुकानात म्हणत होते की कान गेले त्यांचे. मी त्या टेबलाला धरून रडले. चांगली हुंदके देऊन. येणारे जाणारे बघत होते, त्यांना वाटलं असेल हिचं कोणीतरी वर भरती आहे.

‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझी कीव करायला?’ मी रडत रडत भांडले.

‘कीव नाही वं, पोट्टी,’ काका म्हणाले. ‘तू माह्यासाठी घंट्या वेगळ्या केल्या. वीस वर्षांत कोणी मशीन माह्यासाठी बदललं नव्हतं.’

मी तोंड धुतलं आणि मॅनेजरांच्या खोलीत गेले. रजिस्टर मागितलं. त्यांनी ते माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, सकाळपासून बघून राहिलो मी त्या माणसाला. मला एक सांगा, ज्याला दोनशे आकडे पाठ आहेत त्याला एक घंटी कशी ऐकू येत नव्हती?’ माणूस वाईट नव्हता. त्यालाही दिवसभर तेच टोचत होतं.

‘येत होती,’ मी म्हटलं, आणि जुन्या नोंदीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं. त्यांनी वाचलं. मग म्हणाले, ‘हे तुमच्या मालकांना कळवावं लागेल.’

‘कळवा,’ मी म्हटलं.

मालकांनी मला काढलं नाही, पण पुढचे सहा महिने दुकानातल्या बाकावर सोल्डरिंग करत बसवलं. बाहेरच्या कामाला दुसऱ्याला पाठवत. मला त्याचं दु:ख झालं नाही असं नाही, पण तक्रार करायला तोंड नव्हतं. काका मात्र गेटवर गेले नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्याच डब्यासमोर बसले, आणि पुढं तिथं जो कोणी मिस्त्री दुरुस्तीला गेला त्याला आधी मोठ्यानं बोलायची सक्ती केली म्हणे.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. मी मॅनेजरांच्या खोलीतून रजिस्टर तसंच हातात घेऊन काकांकडे गेले होते. त्यांना विचारलं, ‘काय लिहिलं सांगू?’

‘वाच.’

मी वाचलं. ‘बत्तीस नंबरची नोंद चुकीची घातली गेली. चूक माझी. ऑपरेटरचे ऐकणे पहिल्या दिवसापासून बरोबर होते.’

काका मान खाली घालून बसले होते. म्हणाले, ‘अजून एकदा वाच.’

पुन्हा वाचलं, सावकाश.

‘झालं पाठ,’ काका म्हणाले. ‘आता ते रजिस्टर फाडलं तरी चालते.’